प्रकाशाशी प्रबळ युग्मन झालेल्या रेणूंचे पुंज रसायनशास्त्र

प्रकाशाशी प्रबळ युग्मन झालेल्या रेणूंचे पुंज रसायनशास्त्र ही सैद्धांतिक रसायनशास्त्राची एक शाखा आहे. आरशांच्या पोकळीत कोंडलेला प्रकाश आणि त्या पोकळीतील रेणू यांचा एकाच पुंजप्रणालीचे घटक म्हणून या शाखेत अभ्यास केला जातो. नेहमीच्या पुंज रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉन व अणुकेंद्रे यांच्यासाठी श्रोडिंगर समीकरण सोडवले जाते आणि प्रकाश हा बाहेरून येणारा क्षीण प्रभाव मानला जातो. रेणू व प्रकाश यांच्यातील ऊर्जेची देवघेव पुरेशी वेगवान झाली की ही विभागणी टिकत नाही. अशा वेळी प्रकाश आणि द्रव्य या दोहोंचे गुणधर्म असलेल्या संमिश्र अवस्था निर्माण होतात. त्यांना *पोलॅरिटॉन* म्हणतात, आणि म्हणून या विषयाला *पोलॅरिटॉनिक रसायनशास्त्र* असेही नाव आहे.

बाहेरून प्रकाश न टाकता, केवळ दोन आरशांमधील अंतर बदलून रासायनिक अभिक्रियेचा वेग बदलता येईल का, हा या शाखेतील मध्यवर्ती प्रश्न आहे. काही प्रयोगांचे उत्तर होकारार्थी आहे, काही प्रयोगांची पुनरावृत्ती करता आलेली नाही, आणि आढळलेल्या परिणामांचे सर्वमान्य सैद्धांतिक स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही.

## मूलभूत संकल्पना

### पोकळी आणि निर्वात क्षेत्र

दोन सपाट आरसे एकमेकांसमोर समांतर ठेवले असता त्यांच्यामध्ये ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश टिकून राहतो. आरशांमधील अंतर हे त्या तरंगलांबीच्या अर्ध्याच्या पूर्ण पटीत असावे लागते. अशा रचनेला फाब्री-पेरो पोकळी म्हणतात. कार्बोनिल गटाच्या (कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या) ताणकंपनाचे शोषण सुमारे १७४० प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येला, म्हणजे ५.७५ मायक्रोमीटर तरंगलांबीला होते. माध्यमाचा अपवर्तनांक १.४ धरल्यास, या कंपनाशी जुळणाऱ्या सर्वांत लहान पोकळीतील आरशांचे अंतर सुमारे २ मायक्रोमीटर येते.

पुंज सिद्धांतानुसार पोकळीतील प्रकाशाचा प्रत्येक तरंगप्रकार हा एक दोलक असतो. कोणत्याही पुंज दोलकाप्रमाणे त्याची ऊर्जा कधीही पूर्णपणे शून्य होत नाही. पोकळीत एकही फोटॉन नसताना, संपूर्ण अंधारातही, विद्युत क्षेत्रात सूक्ष्म चढउतार होत राहतात. यालाच निर्वात क्षेत्र म्हणतात. रेणूचे द्विध्रुव परिबल या क्षेत्राशी आंतरक्रिया करते. संक्रमणाचे द्विध्रुव परिबल जितके मोठे आणि प्रकाश कोंडलेल्या जागेचे आकारमान जितके लहान, तितके युग्मन प्रबळ असते. आकारमान एक-चतुर्थांश केल्यास एका रेणूचे युग्मन दुप्पट होते, कारण निर्वात क्षेत्राची तीव्रता आकारमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते.

### प्रबळ युग्मन

आरशांतून प्रकाश निसटत असतो आणि रेणूची उत्तेजित अवस्थाही काही काळाने विरते. रेणू व पोकळी यांच्यातील ऊर्जेची देवघेव या दोन्ही ऱ्हासांपेक्षा वेगाने होत असेल तर त्या युग्मनास प्रबळ म्हणतात. क्षीण युग्मनात रेणूच्या उत्सर्जनाचा वेग बदलतो, परंतु त्याचे ऊर्जास्तर जवळजवळ तसेच राहतात. प्रबळ युग्मनात मात्र ऊर्जास्तरच बदलतात.

हा फरक एका साध्या प्रयोगाने समजतो. आडव्या ताणलेल्या एकाच दोरीला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगून एकास झोका दिला, तर काही वेळाने तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. मग गती पुन्हा पहिल्याकडे येते. मात्र दोन्ही लंबक एकाच दिशेने किंवा नेमके विरुद्ध दिशेने सोडले, तर ते तसेच झुलत राहतात आणि या दोन हालचालींच्या कंप्रता किंचित भिन्न असतात. रेणू हा एक लंबक आणि पोकळीतील प्रकाश हा दुसरा मानल्यास, या दोन संयुक्त हालचाली म्हणजे *निम्न पोलॅरिटॉन* आणि *उच्च पोलॅरिटॉन* होत. वर्णपटातील एका शोषणशिखराच्या जागी दोन शिखरे दिसतात. त्यांच्यातील अंतरास भौतिकशास्त्रज्ञ इसिडोर रॅबी यांच्या नावावरून *रॅबी विभाजन* म्हणतात.

### सामूहिक युग्मन आणि अदीप्त अवस्था

बहुतेक प्रयोगांत पोकळीत एक रेणू नसून प्रचंड संख्येने रेणू असतात. ते सर्व एकाच तरंगप्रकाराशी जोडले गेल्याने रॅबी विभाजन रेणूंच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. मात्र पोलॅरिटॉन अवस्था दोनच असतात. रेणूंच्या संख्येपेक्षा एकने कमी इतक्या उरलेल्या अवस्थांमध्ये प्रकाशाचा अंश जवळजवळ नसतो. त्यांना अदीप्त अवस्था म्हणतात.

विषयातील मुख्य सैद्धांतिक अडचण येथेच उद्भवते. रॅबी विभाजन १६७ प्रति सेंटिमीटर आणि युग्मित रेणूंची संख्या एक हजार कोटी मानली, तर प्रत्येक रेणूच्या वाट्याला येणारे युग्मन सुमारे ०.०००८ प्रति सेंटिमीटर भरते. सामान्य तापमानाला औष्णिक ऊर्जा सुमारे २०८ प्रति सेंटिमीटर असते. रासायनिक बंध तुटतो तो एकेका रेणूत. इतक्या क्षीण प्रभावामुळे एका रेणूची अभिक्रिया कशी बदलावी, हे उघड नाही.

## इतिहास

पोकळीमुळे उत्सर्जनाचा वेग बदलू शकतो, हे एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये दाखवले. १९५४ मध्ये रॉबर्ट डिकी यांनी अनेक अणूंच्या सामूहिक उत्सर्जनाचा सिद्धांत मांडला. एक द्विस्तरीय अणू आणि एक तरंगप्रकार यांचे प्रतिमान एडविन जेन्स व फ्रेड कमिंग्ज यांनी १९६३ मध्ये दिले, आणि मायकेल टॅव्हिस व कमिंग्ज यांनी १९६८ मध्ये ते अनेक अणूंसाठी विस्तारले. पोकळीतील प्रकाश व अणू यांवरील प्रयोगांसाठी सर्ज हारोश यांना २०१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक (डेव्हिड वाइनलँड यांच्यासह) मिळाले.

अर्धवाहकांच्या सूक्ष्म पोकळीतील प्रबळ युग्मन १९९२ मध्ये, तर सेंद्रिय अर्धवाहकातील १९९८ मध्ये नोंदवले गेले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने २०१२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे थॉमस एबेसन यांच्या गटाने स्पायरोपायरॅन व मेरोसायनीन या रेणूंमधील प्रकाशप्रेरित रूपांतर पोकळीत मंदावते, असे दाखवले. २०१५ मध्ये पॉलिव्हायनिल ॲसिटेटमधील कार्बोनिल कंपनाचे प्रबळ युग्मन साधले गेले. त्यातील रॅबी विभाजन सुमारे १६७ प्रति सेंटिमीटर होते. २०१६ मध्ये याच गटाने एका सिलेन संयुगातील सिलिकॉन–कार्बन बंध तुटण्याची अभिक्रिया, तिच्या कंपनाशी जुळवलेल्या पोकळीत, अंधारात आणि मूल अवस्थेत मंदावल्याचे प्रसिद्ध केले. वेगातील घट साडेपाच पटींपर्यंत होती. २०१९ मधील प्रयोगात दोन स्पर्धक बंधांपैकी कोणता अधिक तुटेल, हे पोकळीमुळे बदलल्याचे नोंदवले गेले.

दरम्यान २०१६ मध्ये केंब्रिज येथे रोहित चिक्कराड्डी व सहकाऱ्यांनी सोन्याचा सूक्ष्मकण आणि सोन्याचा पृष्ठभाग यांच्यामधील ४० घन नॅनोमीटरहून लहान जागेत, सामान्य तापमानाला, मेथिलीन ब्लूच्या एकेका रेणूचे प्रबळ युग्मन दाखवले.

## सैद्धांतिक चौकट

### पाउली-फिअर्झ हॅमिल्टोनियन

कमी वेगाच्या आवेशित कणांची पुंजित प्रकाशाशी होणारी आंतरक्रिया पाउली-फिअर्झ हॅमिल्टोनियनने वर्णिली जाते. वोल्फगांग पाउली व मार्कुस फिअर्झ यांचे हे कार्य १९३८ मधील आहे. फाब्री-पेरो पोकळीतील प्रकाशाची तरंगलांबी रेणूच्या आकाराच्या शेकडो ते हजारो पट असल्याने एका रेणूपुरते विद्युत क्षेत्र सर्वत्र सारखेच मानता येते. या द्विध्रुव आसन्नीकरणात ऊर्जेचे चार भाग पडतात :

* रेणूची ऊर्जा – इलेक्ट्रॉन व अणुकेंद्रे यांची गतिज ऊर्जा आणि त्यांच्यातील कूलंब आंतरक्रिया.
* प्रकाशाची ऊर्जा – प्रत्येक तरंगप्रकारातील फोटॉनसंख्या आणि त्याची शून्यबिंदू ऊर्जा.
* युग्मन – रेणूचे द्विध्रुव परिबल आणि पोकळीतील क्षेत्र यांचा गुणाकार.
* द्विध्रुव स्वऊर्जा – द्विध्रुव परिबलाच्या वर्गाच्या प्रमाणातील पद.

चौथे पद लहान असल्याने ते पूर्वी अनेकदा वगळले जात असे. मात्र ते वगळल्यास प्रणालीच्या ऊर्जेला खालची मर्यादाच उरत नाही, म्हणजेच स्थिर मूल अवस्था अस्तित्वात राहत नाही. शिवाय निर्देशकपद्धतीचा आरंभबिंदू बदलला की उत्तरही बदलू लागते. गणनेसाठी निवडलेला पायाफलनांचा संच लहान असेल तर हा दोष लपून राहतो आणि चुकीचे उत्तर बरोबर भासू शकते. म्हणून आधुनिक पद्धतींत हे पद ठेवले जाते.

### प्रतिमानांच्या मर्यादा

जेन्स-कमिंग्ज व टॅव्हिस-कमिंग्ज प्रतिमानांत रेणूऐवजी फक्त दोन ऊर्जास्तर असतात. शोषणवर्णपटातील विभाजन समजण्यास ती पुरेशी असतात. परंतु त्यांत बंधांची लांबी, कोन किंवा अभिक्रियेचा मार्ग यांपैकी काहीच नसते. इलेक्ट्रॉनांची घनता पोकळीमुळे कशी सरकते, हा प्रश्न त्यांत विचारताच येत नाही. त्यासाठी रेणूचे सर्व इलेक्ट्रॉन विचारात घेणाऱ्या पद्धती लागतात.

### बॉर्न-ओपनहायमर विभागणी

१९२७ मध्ये मॅक्स बॉर्न व रॉबर्ट ओपनहायमर यांनी हलके, वेगवान इलेक्ट्रॉन आणि जड, संथ अणुकेंद्रे यांचा वेगवेगळा विचार करण्याची पद्धत घालून दिली. पोकळीत तिसरा घटक येतो. फोटॉनला कोणत्या बाजूस ठेवायचे, हे त्याच्या कंप्रतेवरून ठरते. दृश्य किंवा अतिनील प्रकाशाची कंप्रता इलेक्ट्रॉनांच्या संक्रमणांशी जुळते, म्हणून तेथे फोटॉनचा समावेश इलेक्ट्रॉनांबरोबर होतो आणि अणुकेंद्रे *पोलॅरिटॉनिक ऊर्जापृष्ठांवर* फिरतात. अवरक्त प्रकाश अणुकेंद्रांच्या कंपनांशी जुळतो, म्हणून तेथे फोटॉनची गणना अणुकेंद्रांबरोबर केली जाते. या दुसऱ्या विभागणीस *पोकळी बॉर्न-ओपनहायमर आसन्नीकरण* म्हणतात. ते २०१७ मध्ये योहानेस फ्लिक, मिशाएल रुग्गेनथालर, हायको आपेल आणि आंखेल रुबिओ यांनी मांडले.

## गणनापद्धती

### हार्ट्री-फॉक पद्धत

पुंज विद्युतगतिकीय हार्ट्री-फॉक पद्धतीत एकूण तरंगफलन हे इलेक्ट्रॉनांचा एक स्लेटर निर्धारक आणि प्रकाशाची एक अवस्था यांचा गुणाकार मानले जाते. प्रकाशाची अवस्था सहसा सुसंगत रूपात घेतात. त्यामुळे रेणूच्या स्थायी द्विध्रुव परिबलाचा सरासरी परिणाम आधीच समाविष्ट होतो आणि उत्तर आरंभबिंदूवर अवलंबून राहत नाही. पद्धत स्वस्त आहे, पण इलेक्ट्रॉन व फोटॉन यांच्या हालचालींतील परस्परसंबंध तिच्यात येत नाही. विद्युतभारित रेणूंसाठी तिच्यातील कक्षक आरंभबिंदूनुसार बदलतात. हा दोष दूर करणारे प्रबळ युग्मनासाठीचे कक्षक-सूत्रण हेन्रिक कॉक यांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केले.

### कपल्ड क्लस्टर पद्धत

इलेक्ट्रॉनांमधील परस्परसंबंध अचूकपणे मोजण्यासाठी कपल्ड क्लस्टर पद्धत प्रमाण मानली जाते. तिच्यात संदर्भ-अवस्थेवर उत्तेजन परिचालकाचे घातांकी रूप लावले जाते. २०२० मध्ये तोर हाउगलँड, एनरिको रोंका, कॉक, रुबिओ व सहकाऱ्यांनी या परिचालकात फोटॉननिर्मितीची, तसेच इलेक्ट्रॉन व फोटॉन यांच्या एकत्रित उत्तेजनाची पदे जोडली. त्यामुळे पोकळीमुळे रेणूच्या मूल अवस्थेत होणारा सूक्ष्म बदलही मोजता येऊ लागला. याच पद्धतीने नंतर आयनीभवन ऊर्जा आणि रेणूंमधील क्षीण आंतरक्रिया यांचाही अभ्यास झाला.

अचूकतेची किंमत गणनावेळात मोजावी लागते. एकेरी व दुहेरी उत्तेजनांपर्यंतच्या कपल्ड क्लस्टर गणनेचा खर्च प्रणालीच्या आकाराच्या सहाव्या घातात वाढतो. रेणू दुप्पट मोठा झाला की खर्च सुमारे ६४ पट होतो. त्यामुळे ही पद्धत लहान व मध्यम रेणूंपुरती मर्यादित राहते.

### घनता फलनक सिद्धांत

होहेनबर्ग व कोन (१९६४) आणि कोन व शॅम (१९६५) यांच्या घनता फलनक सिद्धांतात अनेक इलेक्ट्रॉनांच्या तरंगफलनाऐवजी इलेक्ट्रॉनांची घनता हे मूळ चल असते. इल्या तोकात्ली (२०१३) आणि रुग्गेनथालर व सहकारी (२०१४) यांनी त्याचा पुंजित प्रकाशापर्यंत विस्तार केला. येथे घनतेच्या जोडीला पोकळीतील क्षेत्राचे सरासरी मूल्य हेही चल धरले जाते. मोठ्या रेणूंसाठी आणि काळानुसार बदलणाऱ्या प्रक्रियांसाठी ही पद्धत व्यवहार्य आहे. ऑक्टोपस या मुक्त संगणकप्रणालीत ती उपलब्ध आहे. तिची अचूकता इलेक्ट्रॉन–फोटॉन परस्परसंबंधाचे फलनक किती चांगले आहे यावर अवलंबून असते, आणि अशी फलनके इलेक्ट्रॉनांसाठीच्या फलनकांइतकी अद्याप विकसित झालेली नाहीत.

### गतिकीय अनुकार

प्रत्यक्ष प्रयोगात असंख्य रेणू असल्याने काही पद्धतींत एका रेणूतील अचूकता कमी करून रेणूंची संख्या वाढवली जाते. फिनलंडमधील खेरिट ग्रूनहॉफ व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पोकळीतील १६०० पर्यंत ऱ्होडामीन रेणूंचा अनुकार केला. त्यात प्रकाश शोषणारा भाग पुंजयामिकीने आणि सभोवतालचे पाणी अभिजात यामिकीने हाताळले होते. कंपनांच्या प्रबळ युग्मनासाठी ताओ ली, जोसेफ सुबोटनिक आणि अब्राहम नित्झन यांनी २०२० मध्ये पोकळीतील द्रवरूप पाण्याची रेणुगतिकी मांडली. तिच्यात पोकळीतील तरंगप्रकार हेही अभिजात दोलकच असतात.

## प्रयोग आणि सिद्धांत यांतील तफावत

कंपनांच्या प्रबळ युग्मनाने अभिक्रियेचा वेग बदलतो, या दाव्याची २०२० नंतर कसून तपासणी झाली. सायनेट आयनाच्या जलापघटनाचा वेग पोकळीत मोठ्या प्रमाणात वाढतो, हा निष्कर्ष अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांना २०२१ मध्ये पडताळून पाहता आला नाही. दुसरीकडे, युरेथेन तयार होण्याची अभिक्रिया अवरक्त पोकळीत मंदावते, असे ब्लेक सिम्पकिन्स यांच्या गटाने २०२३ मध्ये नोंदवले. पोकळीची जाडी, तापमान आणि संहती यांचे मापन मायक्रोमीटर जाडीच्या द्रवथरात करावे लागत असल्याने असे प्रयोग नाजूक असतात.

सिद्धांताच्या बाजूनेही उत्तर सरळ नाही. संक्रमण-अवस्था सिद्धांत पोकळीला लावल्यास, अनेक रेणूंच्या सामूहिक युग्मनात वेगातील बदल नगण्य येतो. विशेष म्हणजे प्रयोगात आढळणारे अनुस्पंदन, म्हणजे पोकळी नेमकी विशिष्ट कंपनाशी जुळली तरच परिणाम दिसणे, या सिद्धांतातून निघत नाही. २०२२ मध्ये क्रिस्टियान शेफर व सहकाऱ्यांनी घनता फलनक पद्धतीने सिलेन अभिक्रियेचाच अनुकार केला. पोकळी ही विशिष्ट बंधातील कंपनऊर्जा इतर कंपनांकडे वळवते, असे त्यांना आढळले. २०२३ मध्ये डेव्हिड राइकमन यांच्या गटाने संपूर्ण पुंज गतिकीतून एका रेणूसाठी अनुस्पंदनसदृश परिणाम मिळवला. मात्र या दोन्ही गणनांत एका रेणूचे युग्मन प्रयोगातील प्रत्यक्ष मूल्यापेक्षा कितीतरी अधिक धरलेले होते. एका रेणूपासून असंख्य रेणूंपर्यंतचे हे अंतर भरून काढणे, हे या शाखेपुढील प्रमुख आव्हान आहे.

## भारत व महाराष्ट्र

या विषयातील प्रायोगिक पायाभरणीत भारतीय संशोधकांचा सहभाग आहे. स्ट्रासबर्ग येथील २०१६ च्या सिलेन अभिक्रियेवरील शोधनिबंधाच्या लेखकांत अनूप थॉमस आणि जिनो जॉर्ज यांचा समावेश होता. पुढे जॉर्ज यांनी मोहाली येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, तर थॉमस यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत या विषयावर संशोधन सुरू केले.

महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, या पद्धतींना आधारभूत असलेल्या पुंज रसायनशास्त्राची जुनी परंपरा आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांनी कपल्ड क्लस्टर सिद्धांतावर, विशेषतः बहुसंदर्भी सूत्रणांवर आणि रेणूंच्या विद्युत गुणधर्मांवर, दीर्घकाळ संशोधन केले. पोकळीशी होणारी आंतरक्रिया द्विध्रुव परिबलातूनच घडत असल्याने अशा गुणधर्मांची अचूक गणना येथे थेट उपयोगी पडते. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी रेणूंच्या स्थिरविद्युत विभवाचा अभ्यास केला. मोठ्या रेणूचे तुकडे करून त्यांची स्वतंत्र गणना करावयाची आणि नंतर उत्तरे जोडावयाची, ही ‘मॉलेक्युलर टेलरिंग’ पद्धत त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली. गद्रे यांना १९९३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. गणनेसाठी लागणारी महासंगणकाची सोयही पुण्यातच विकसित झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला.

तुकड्यांच्या पद्धतीचा विचार केला असता पोलॅरिटॉनिक गणनेची विशेष अडचण स्पष्ट होते. सामान्य रेणूत दूरचे तुकडे एकमेकांवर फारसा प्रभाव टाकत नाहीत, म्हणून ते वेगळे करता येतात. पोकळीत मात्र सर्व तुकडे एकाच तरंगप्रकाराशी जोडलेले असतात, आणि द्विध्रुव स्वऊर्जेचे पदही प्रत्येक तुकड्याला इतर सर्व तुकड्यांशी जोडते. अंतर वाढले म्हणून हा संबंध कमी होत नाही. त्यामुळे अशा पद्धती पोकळीसाठी वापरताना प्रकाशाशी असलेले युग्मन तुकड्यांपलीकडे, संपूर्ण प्रणालीच्या पातळीवर हाताळावे लागते.

## संभाव्य उपयोग

उत्प्रेरक न घालता अभिक्रियेची निवडक्षमता बदलणे, सेंद्रिय पदार्थांत ऊर्जेचे वहन दूरवर घडवून आणणे आणि प्रकाशामुळे होणारा रंगद्रव्यांचा ऱ्हास रोखणे, हे या शाखेचे अपेक्षित उपयोग आहेत. ऊर्जावहन व प्रकाशरासायनिक ऱ्हास यांच्या बाबतीत सिद्धांत व प्रयोग यांचा मेळ तुलनेने चांगला आहे, कारण तेथे उत्तेजित पोलॅरिटॉन अवस्था प्रत्यक्ष भाग घेतात. अंधारातील, मूल अवस्थेतील अभिक्रियांबाबत मात्र विश्वासार्ह भाकीत करण्यासाठी अचूक गणना, पुनरावृत्तीक्षम प्रयोग आणि सामूहिक युग्मनाचा सुस्पष्ट सिद्धांत या तिन्हींची आवश्यकता आहे.

## हे सुद्धा पहा

* पुंज यामिकी
* पुंज विद्युतगतिकी
* घनता फलनक सिद्धांत
* बॉर्न-ओपनहायमर आसन्नीकरण
* अवरक्त वर्णपटविज्ञान
* राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा